साथ लांबली की लोक सैल का पडतात?

प्रश्न असा आला आहे: "२०२०च्या एप्रिलमध्ये भाजी सोड्याच्या पाण्यात धुणारी आणि बाहेरून आलं की थेट न्हाणीघरात शिरणारी माणसं वर्षाच्या आत मास्क खिशात घालून लग्नाच्या पंगतीला बसली. आपल्या लोकांना शिस्तच नाही का? दुसरी लाट त्यामुळेच आली का? आणि पुन्हा अशी साथ आली तर लोक किती काळ नियम पाळतील?"

पश्चिम विदर्भात सरकारी आरोग्यसेवेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. क्षयरोग, डेंग्यू, स्वाइन फ्लू आणि सगळ्यांत शेवटी कोविड. तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिस्तीचा मुद्दा आधी. क्षयरोगाच्या कामात हा प्रकार आम्ही वर्षानुवर्षं बघतो. साध्या क्षयरोगाचे उपचार सहा महिन्यांचे. पण दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. नेमक्या त्याच सुमाराला पेशंट गोळ्या सोडतो. "बरं वाटतंय, मग कशाला?" हा त्याचा प्रश्न असतो आणि त्याच्या जागी बसून बघितलं तर तो अगदी स्वाभाविक आहे. जंतू अजून शरीरात आहेत हे त्याला दिसत नाही. गोळीनं होणारी मळमळ मात्र रोज जाणवते. या माणसाला बेशिस्त म्हणून काही साधत नाही हे खात्याला फार पूर्वी कळलं. म्हणून आशाताई घरी जाऊन गोळ्या मोजतात, २०१८पासून पोषणासाठी पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होतात, घरच्या एकाला विश्वासात घेतलं जातं. उपचार लांबले की माणूस सैल पडणार, हे गृहीत धरूनच सगळी व्यवस्था उभी केली आहे. कोविडच्या वेळी आपण हे गृहीत धरलं नाही. पहिल्या महिन्यातली भीती बाराव्या महिन्यातही तशीच राहील असं धरून आपण चाललो.

भीती तशी राहत नाही, याचं कारण साधं आहे. काळजी घेतल्याचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मास्क लावल्यामुळे जो आजार झाला नाही तो कुणाला दाखवणार? उलट ज्यानं मास्क लावला नाही त्यालाही बहुतेक दिवशी काहीच होत नाही. एका लग्नाला गेलो, ठणठणीत परत आलो. दुसऱ्या लग्नाला गेलो, तरी काही नाही. प्रत्येक वेळी मन एक धडा शिकतं, आणि तो चुकीचा असतो. त्यात या आजाराचा हिशेब उशिरा समोर येतो. आज संसर्ग झाला तर लक्षणं चार-पाच दिवसांनी, दम लागायला आणखी आठवडाभर, आणि मृत्यू व्हायचाच तर त्याच्याही नंतर. गावात पहिली तिरडी उठते तेव्हा ज्या कार्यक्रमातून आजार आला तो लोकांच्या विस्मरणात गेलेला असतो. अशी जोडणी माणसाच्या मनाला आपोआप जमत नाही. ती कुणीतरी आकडे मांडून, गावाच्या नावासकट समजावून द्यावी लागते.

आता फेब्रुवारी २०२१ आठवा. सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्रात दिवसाला सुमारे २५ हजार रुग्ण सापडत होते. १ फेब्रुवारीला तो आकडा दोन हजारांच्या आत आला. देशाचा रोजचा आकडा सप्टेंबरातल्या जवळपास ९८ हजारांवरून दहा हजारांच्या आसपास उतरला. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. मुंबईची लोकल ठरावीक वेळांत सगळ्यांसाठी खुली झाली. सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या गणिती अंदाजानं ऑक्टोबरातच सांगितलं होतं की शिखर ओलांडलं आहे आणि फेब्रुवारीपर्यंत साथ जवळजवळ आटोपेल. मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत जुलै २०२०मध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली होती, पुण्याच्या पाच प्रभागांत ५१ टक्क्यांहून जास्त. हे सगळं वाचून "आता होऊन गेलं सगळ्यांना" असं कुणी म्हटलं तर त्यात आळस कुठे आहे? उपलब्ध माहितीवरून काढलेला तो निष्कर्ष होता, आणि माहिती देणारे आम्हीच होतो.

घोटाळा असा की तो आकडा ज्याच्या त्याच्या गावाचा नव्हता. डिसेंबर-जानेवारीतल्या देशव्यापी पाहणीत प्रतिपिंडं सापडली ती साधारण २१ टक्के लोकांत. म्हणजे पाचातले चार जण अजून कोरे, संसर्ग न झालेले होते. मुंबईतली धारावी आणि आमच्या अमरावती जिल्ह्यातलं दर्यापूर यांना एकाच मापानं मोजता येत नाही. आमच्याकडची कितीतरी गावं पहिल्या लाटेत जवळपास कोरडी गेली होती. तिथला माणूस म्हणायचा, "साहेब, आता कुठी रायला तो कोरोना?" त्याच्या अनुभवात तो खरोखर कुठेही नव्हता. जानेवारीत १५ तारखेला राज्यातल्या बारा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं. प्रचार, घरोघरी बैठका, गुलाल, मिरवणुका. पाठोपाठ लग्नसराई. पन्नास माणसांची मर्यादा कागदावर होती.

फेब्रुवारीच्या मध्यात अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये आकडे चढायला लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला आठवडाभर टाळेबंदी लागली, पुढे वाढवली गेली. तेव्हाही उरलेल्या राज्यात, आणि आमच्याच शेजारच्या तालुक्यांत, "आकडे फुगवलेत" अशी कुजबुज होती. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. अकरा आठवड्यांत पस्तीसपट. ऐकायला भयंकर वाटतं, पण गणित मांडलं तर ही साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होण्याची गती आहे. दोन हजारांचे चार हजार झाले तेव्हा कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. बत्तीस हजारांचे चौसष्ट हजार झाले तेव्हा खाट मिळेना. गती तीच होती. लोक जागे होतात ते शेवटच्या दुपटीला, आणि तेव्हा हाताशी फारसं काही उरलेलं नसतं. सुरुवातीची दुप्पट ओळखून सांगणं हे आरोग्य खात्याचं काम आहे. ते गावच्या किराणा दुकानदाराकडून अपेक्षिता येत नाही.

मग दुसरी लाट ढिलाईमुळेच आली का? फक्त तेवढ्यानं नाही. ज्या विषाणूला पुढे डेल्टा हे नाव मिळालं तो ऑक्टोबर २०२०च्या महाराष्ट्रातल्या नमुन्यांत होता आणि आधीच्या विषाणूपेक्षा कितीतरी वेगानं पसरणारा होता. पूर्वी जेवढी सैलसर काळजी पुरत होती तेवढी याच्यापुढे पुरली नसतीच. लोकांची वागणूक, कोरी लोकसंख्या आणि नवा विषाणू, तिन्ही एकत्र आलं. सगळा दोष लोकांवर टाकणं सोयीचं आहे, कारण मग विषाणू बदलतोय का हे दाखवणारी नमुन्यांची जनुकीय तपासणी इतकी कमी का होती, ऑक्सिजनची तजवीज का नव्हती, हे प्रश्न कुणी विचारत नाही. मला याचा राग येतो, आजही.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झात सॅन फ्रान्सिस्को शहरानं ऑक्टोबरात मास्कची सक्ती केली. २१ नोव्हेंबरला दुपारी शिट्टी वाजली आणि लोकांनी रस्त्यात मास्क काढून फेकले. डिसेंबरात रुग्ण पुन्हा वाढले. जानेवारीत सक्ती परत आणावी लागली, आणि या वेळी विरोधासाठी मास्कविरोधी संघटना उभी राहिली. तेव्हा मास्क बांधणारे लोक दोन महिन्यांत वाईट झाले नव्हते. एकदा "संपलं" असं जाहीर केल्यावर पुन्हा "सुरू करा" म्हणणाऱ्याचं वजन उतरलं होतं.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. मार्च २०२०मध्ये ब्रिटनमध्ये अशी भाषा झाली की कडक नियम लवकर लावले तर लोक लवकर थकतील, म्हणून जरा थांबू. सहाशेहून जास्त वर्तनशास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून याला पुरावा काय, असं विचारलं. लोक थकतील या भीतीनं उशीर करणं हाही एक धोका आहे. चौदा देशांतल्या सर्वेक्षणांवरचा एक अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अंतर राखणं, घरात बसणं यांसारखं जे महाग पडतं ते काळाबरोबर थोडं थोडं कमी होत गेलं. मास्क लावणं, जे स्वस्त आहे, ते वाढत गेलं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. थकवा सगळ्याच गोष्टींचा सारखा येत नाही. ज्याची किंमत पोटावर किंवा नात्यांवर पडते ते आधी सुटतं.

म्हणूनच लोकांची शक्ती कुठे खर्च करायची हे ठरवावं लागतं, आणि इथे आपण मोठं नुकसान करून घेतलं. पहिले कित्येक महिने पृष्ठभागांवर गेले. भाजी धुवा, दुधाच्या पिशव्या धुवा, लिफ्टचं बटण काडीनं दाबा, दारात तापमान मोजा, रस्त्यावर हायपोक्लोराइट फवारा. माणसांवर फवारणी करणारे बोगदे उभे राहिले. ते करू नका असं केंद्राला एप्रिल २०२०मध्ये सांगावं लागलं. आजार मुख्यतः पसरत होता बंद जागेतल्या हवेतून. वस्तूला हात लावून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१मध्ये सांगितलं, आणि खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा हा सल्ला आपल्याकडे ठळकपणे आला तो मे २०२१मध्ये, लाट डोक्यावरून गेल्यावर. ज्या गृहिणीनं वर्षभर रोज तासभर भाजी धुण्यात घातला, तिला तेराव्या महिन्यात "आता खिडक्या उघड्या ठेवा" असं सांगितलं तर तिच्याकडे ऐकण्याइतकं बळ उरलेलं नसतं. बारा गोष्टी सांगितल्या की लोक बाराही थोड्या थोड्या पाळतात आणि सगळ्या एकदम सोडतात. तीन सांगाव्यात, आणि त्या का, हेही सांगावं.

नियमांतल्या विसंगतीबद्दल लोक जेवढं बोलले तेवढं इतर कशाबद्दलही बोलले नसतील. मार्च २०२१च्या शेवटी संध्याकाळी आठनंतर बागा आणि चौपाट्या बंद झाल्या. म्हणजे ज्या जागी वारा वाहतो, जिथे धोका सगळ्यांत कमी, तिथून माणसं घरात ढकलली गेली. १४ एप्रिलला राज्यभर संचारबंदी लागली आणि १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीचं मतदान झालं, त्याआधी सभाही झाल्या. ज्याचं सलूनचं दुकान बंद आहे तो मोबाइलवर ती गर्दी बघतो. त्याला आता कुठल्या तोंडानं समजावायचं? माझ्या मते एका मोठ्या सभेनं होणारा संसर्ग हे त्या सभेचं निम्मंच नुकसान. उरलेलं निम्मं हे की तिच्यानंतर आशाताईचं कुणी ऐकत नाही.

दंडाबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. तेव्हा मुंबईत मास्क नसेल तर दोनशे रुपये दंड होता, इतर शहरांत कमी-जास्त. थोड्या काळापुरता दंडाचा उपयोग होतो. पण तो लांबला की मास्क पोलिसासाठी घातला जातो. नाक्यावर नाकावर, नाका ओलांडला की हनुवटीवर. खरी गरज असते ती घराच्या आत, आजारी माणसाजवळ, बसमध्ये, हॉलमध्ये, जिथे पावती फाडणारा कुणी नसतो.

एक गोष्ट ढिलाईच्या नावावर चुकीनं खपवली जाते. ती म्हणजे तपासणी टाळणं. ताप आला तरी लोक सांगत नव्हते, गावच्या डॉक्टरकडून सलाइन लावून घेत होते. का? कारण पॉझिटिव्ह निघालं की घराला पत्रे ठोकले जायचे, गल्ली बंद व्हायची, सगळं घर विलगीकरणात जायचं, आणि परत आल्यावर शेजारी पाण्याला शिवू देत नसत. हातावर पोट असलेल्या माणसाचा चौदा दिवसांचा रोज बुडायचा. त्या काळात बांधकामावर जाणाऱ्या एका बाईनं मला सरळ विचारलं होतं, "टेस्ट केली तर पोरांना काय खाऊ घालू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण शासनाकडे नव्हतं. तिला नियम माहीत होते. नियम पाळायची ऐपत नव्हती. क्षयरोगाच्या पेशंटला पोषणाचे पैसे देता येतात, तर साथीत घरी थांबणाऱ्याला दहा दिवसांची मजुरी आणि रेशन देता आलं पाहिजे. लाटेत एका अतिदक्षता खाटेवर एका दिवसात होणारा खर्च बघितला तर हे परवडणारं आहे. हे एक काम केलं असतं तर शंभर जाहिरातींपेक्षा जास्त उपयोग झाला असता, असं माझं ठाम मत आहे.

आता जमलं कुठे, तेही सांगायला हवं. २०२०ची आषाढी. शतकांची पायी वारी, आणि त्या वर्षी मानाच्या पालख्या एसटीनं पंढरीला गेल्या. वारकऱ्यांनी घरातूनच विठोबाला हात जोडले. त्याच वर्षी लालबागच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान केलं. सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणल्या गेल्या. लोकांच्या श्रद्धेचा विषय असूनही हे झालं, कारण "करू नका" एवढंच सांगून कुणी मोकळं झालं नाही. पालखी गेलीच, फक्त बसनं गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या कार्यालयानं ऑक्टोबर २०२०मध्ये या थकव्यावर जे मार्गदर्शन काढलं त्यातला मला सगळ्यांत पटलेला सल्ला हाच: लोकांना जगू द्या, पण धोका कमी करून. लग्न रद्द करा म्हटलं की ते चोरून होतं. अंगणात करा, दुपारी करा, पंगत टाळून शिदोरी द्या, आजी-आजोबांची खुर्ची मोकळ्या हवेत वेगळी ठेवा, असं सांगितलं की बरेच जण ऐकतात.

धारावीतही हेच झालं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांना "घरात अंतर ठेवा" सांगणं निरर्थक होतं, म्हणून महापालिकेनं शाळा आणि सभागृहं विलगीकरणासाठी घेतली, तिथे जेवण दिलं, स्थानिक खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, सार्वजनिक शौचालयं सतत धुतली. लोकांना जे शक्य नव्हतं ते व्यवस्थेनं उचललं.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवणारं उदाहरण आपल्याच जुन्या प्लेगचं वाटतं. १८९७मध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरं झडती घेऊन तपासली गेली, माणसं उचलली गेली, आणि त्याचा शेवट रँडच्या खुनापर्यंत गेला. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा आपण २०२०मध्येही वापरला. झडत्यांची ती पद्धत टिकली नाही. टिकली ती दुसरी गोष्ट. गावात उंदीर मरून पडायला लागले की लोक आपण होऊन घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे, आणि साथ ओसरली की परत यायचे. घरदार सोडून शेतात राहणं ही मास्कपेक्षा किती महागडी खबरदारी! तरी ती गावांनी पुढची कितीतरी वर्षं, साथ येईल तेव्हा पुन्हा पुन्हा पाळली. मला यामागे तीन कारणं दिसतात. खूण स्वतःच्या डोळ्यांना दिसत होती. निर्णय गावाचा होता. आणि बाहेर पडताना परत कधी यायचं हेही माहीत होतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. लोक किती काळ पाळतील? घरात बसण्यासारखी कडक गोष्ट, माझ्या अंदाजानं, चार ते सहा आठवडे, तीही पोटाची सोय असेल तर. गर्दीच्या बंद जागेत मास्क काही महिने. खिडकी उघडी ठेवणं, ताप असताना कामावर आणि शाळेत न जाणं, हे कायम, कारण त्याची सवय होते. पण यातलं काहीही "पुढील आदेशापर्यंत" या शब्दांवर टिकत नाही. तालुक्यात तपासलेल्या शंभर नमुन्यांत पाचांहून जास्त पॉझिटिव्ह निघाले तर मास्क सुरू, सलग दोन आठवडे त्याखाली आले तर बंद. असं काहीतरी आधी जाहीर करून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिलं पाहिजे. आकडा कोणता ठेवायचा यावर तज्ज्ञ वाद घालू शकतात. बंद करण्याचा अर्धा भाग तितक्याच प्रामाणिकपणे पाळणं मात्र अत्यावश्यक आहे. वेळेवर सैल करणाऱ्याचंच पुढच्या वेळी आवळताना ऐकलं जातं.

शेवटी आमच्या खात्याच्या थकव्याबद्दल, कारण प्रश्नात तो नाही पण असायला हवा होता. संपर्कातली माणसं शोधण्याचं काम नोव्हेंबर-डिसेंबर २०२०मध्येच मंदावलं होतं. कर्मचारी मूळ कामांवर परतले, कोविड केंद्रांतल्या खाटा गुंडाळल्या गेल्या. पुण्यातलं जम्बो रुग्णालय जानेवारी २०२१मध्ये बंद केलं आणि मार्चमध्ये पुन्हा उघडावं लागलं. आशाताई वर्षभर उन्हातान्हात ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. जून २०२१मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे थोडी वाढ मिळाली. लोक सैल पडले असं म्हणताना त्याच महिन्यांत तपासण्याही कमी झाल्या होत्या हे सांगायला हवं. शांततेच्या काळात गर्दी टाळायची जबाबदारी नागरिकावर ठेवता येत नाही; त्याला तेव्हा जगू द्यावं. त्या काळात जागं राहायचं ते खात्यानं: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातून तापाच्या ठरावीक पेशंटांचे नमुने दर आठवड्याला जाणं, त्यातल्या काहींची जनुकीय तपासणी होणं, शहरांच्या सांडपाण्यातल्या विषाणूवर नजर असणं, आणि हे काम करणाऱ्या माणसांचे पगार त्या चार शांत महिन्यांतही चालू असणं.